मोरीचं पाणी अंगणात नेताना

नागपूरच्या नंदनवन भागातल्या बहुतेक घरांत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान दिवसातलं सगळ्यात जास्त पाणी वाहून जातं. अंघोळी उरकत असतात, वॉशिंग मशीन फिरत असतं आणि फेसाळ पाणी पाइपातून थेट चेंबरमध्ये पडत असतं. त्याच वेळी अंगणातल्या जास्वंदीला नळाचं पाणी घातलं जातं, आणि संडासात फ्लशमागून फ्लश पेंच-कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी ओतलं जातं. पिण्यायोग्य पाणी संडासात आणि बागेला चालेल असं पाणी गटारात, असा हा रोजचा उलटा व्यवहार आहे. तो सुलटा करायला फार पैसा लागत नाही. सांभाळायला मात्र शिस्त लागते, आणि हा लेख मुख्यतः त्या शिस्तीविषयी आहे.

2019 मध्ये पावसानं ओढ दिली, तोतलाडोह धरणाचा साठा आटला आणि जुलैत शहरात एक दिवसाआड पाणी सोडावं लागलं. ते दिवस नागपूरकर विसरलेले नाहीत. तेव्हा घराघरांत अंघोळीचं पाणी टबात धरून संडासात टाकलं जात होतं, धुण्याचं शेवटचं पाणी कुंड्यांना जात होतं. पाऊस आला आणि टब माळ्यावर गेले. टंचाईत जे निभावलं ते बारमाही करता येतं. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. चार-सहा आठवड्यांच्या अडचणीत खपून गेलेली ढिलाई वर्षभर चालली तर डास, दुर्गंधी, पोटाचे आजार आणि कडक झालेली माती यांच्या रूपानं परत येते. म्हणून या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: सांडपाणी घरात थांबू द्यायचं नाही. ज्या दिवशी निघालं त्याच दिवशी ते मातीत किंवा संडासात गेलं पाहिजे. पुढचे बहुतेक नियम याच एका नियमातून निघतात.

कोणतं पाणी घ्यायचं, कोणतं नाही

शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर असा धरतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्याची जी विभागणी असते तिच्यात अंघोळीला 55, कपड्यांना 20 आणि संडासाला 30 लिटर येतात. चौघांच्या घरात अंघोळ आणि कपड्यांचं मिळून 300 लिटर पाणी रोज बाहेर पडतं आणि संडासाला लागतं 120. बादलीनं अंघोळ करणाऱ्या घरात हे आकडे कमी भरतील, शॉवरच्या घरात वाढतील. पण प्रमाण साधारण तेच राहतं: संडासाची सगळी गरज भागून बागेला पाणी उरतं.

घ्यायचं ते अंघोळीचं, कपड्यांचं आणि हात-तोंड धुण्याच्या बेसिनचं. स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी यात मिसळू नका. तर्रीचं पातेलं धुतलेलं पाणी एकदा ड्रममध्ये गेलं की त्यातलं तेल जाळीवर, वाळूवर, पाइपाच्या आतून बसतं आणि अन्नकण कुजू लागतात. सगळी यंत्रणा त्या एका पातेल्यानं आठवड्यात वासाला लागते. तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी मात्र वेगळ्या गंजात धरून सरळ झाडाला घाला. त्याला ना गाळणी लागते ना ड्रम.

काही पाणी थेट गडर लाइनमध्येच गेलं पाहिजे. बाळाची लंगोटं आणि रक्त लागलेले कपडे धुतलेलं, घरात कुणाला हगवण, कावीळ किंवा टायफॉइड असेल तेव्हाचं अंघोळीचं आणि कपड्यांचं, केसांना रंग लावल्यावरचं, फिनाइल किंवा ॲसिडनं मोरी घासल्यानंतरचं, आणि घरात रंगकाम चालू असताना ब्रश धुतलेलं. यासाठी मोरीतून निघणाऱ्या पाइपाला दोन फाटे हवेत, प्रत्येकाला एकेक बॉल व्हॉल्व्ह: एक बागेकडे, दुसरा गडरकडे. यंत्रणेत दुसरं काहीही नसलं तरी चालेल, ही सोय असलीच पाहिजे. आजारपणात दोन व्हॉल्व्ह फिरवले की काम झालं. माणूस बरा झाल्यावरही दोन-तीन आठवडे पाणी गडरलाच जाऊ द्या, कारण पोटाच्या काही आजारांत जंतू बरं वाटल्यानंतरही बाहेर पडत राहतात.

साबणाचं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, असा समज घट्ट बसलेला आहे. अंगावरचे आणि अंतर्वस्त्रांवरचे जंतू त्या पाण्यात असतात, त्यांत आतड्यातलेही असतात. मळ, केस आणि कपड्यांचे तंतू हे त्यांचं खाद्य. ताज्या पाण्याला फारसा वास नसतो. तेच पाणी बंद ड्रममध्ये राहिलं की त्यातला प्राणवायू संपतो, निराळे जंतू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. जगभर 24 तासांच्या आत वापरण्याची मर्यादा सांगितली जाते ती यासाठी. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा सावलीतला ड्रमसुद्धा तापतो, तेव्हा तेवढी मुदतही सैल आहे. सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत संपवा.

कुलरमध्ये कधीच नाही

हे ठळकपणे सांगायला हवं, कारण मोह होतो. आपल्याकडे होळीनंतर कुलर निघतात आणि मे महिन्यात घरातल्या पाण्याचा मोठा वाटा तेच पितात. अंघोळीचं पाणी गाळून कुलरच्या टाकीत टाकलं तर किती वाचेल, असा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. तसं करू नका. कुलरचा पंखा ओल्या ताट्यांमधून हवा ओढतो, तिच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब खोलीत येतात आणि झोपलेल्या माणसाच्या श्वासात जातात. घरात लहान मूल, दम्याचा रुग्ण किंवा वयस्क माणूस असेल तर धोका आणखी वाढतो. गाळल्यानं मळ जातो, जंतू जात नाहीत. याच कारणानं हे पाणी फवारा, स्प्रिंकलर किंवा पाइपाला बोट लावून उडवण्यासाठीही वापरू नये. गाडी धुवायला नको, अंगणात सडा टाकायला नको, मुलं खेळतात त्या गवतावर तर मुळीच नको.

आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वेगळं. त्यात जंतूंची अडचण नसते, क्षार मात्र जास्त असतात. ते फरशी पुसायला, संडासाला, भांडी पहिल्यांदा खळबळायला चालतं. कुलरमध्ये टाकलं तर ताट्यांवर पांढरा थर धरतो आणि हवा अडते.

सुरुवात एका ड्रमपासून

बाजारात पंप, टाक्या, फिल्टर असा पूर्ण संच मिळतो. ज्या घरी मोठी बाग नाही तिथे त्याची गरज नाही. नंदनवनातल्या दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर, मागच्या व्हरांड्यात मशीन असलेल्या घराला एक ड्रम पुरतो.

ड्रम 80 ते 100 लिटरचा, घट्ट झाकणाचा आणि गडद रंगाचा घ्या. गडद रंगात उजेड शिरत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही. जुना घेत असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. रसायनाचा ड्रम घेऊ नका. तो दोन-तीन विटांवर ठेवा, म्हणजे बादली खाली लावता येईल. तोटी बुडापासून चार बोटं वर बसवून घ्या, गाळ खाली राहतो आणि वरचं पाणी मिळतं. अगदी बुडाशी एक बूच असावं, गाळ काढायला. वरच्या काठाच्या खाली ओव्हरफ्लोचा पाइप हवा आणि तो आपल्या उतारानं गडरच्या चेंबरकडे गेला पाहिजे. पावसाळ्यात चेंबर तुंबून पाणी उलटं येतं अशी तक्रार असलेल्या गल्ल्या पूर्व नागपुरात कमी नाहीत. तिथे ओव्हरफ्लोचं तोंड चेंबरच्या झाकणापेक्षा वर ठेवा, नाहीतर संडासाचं पाणी तुमच्या ड्रममध्ये शिरेल.

मशीनच्या पाइपाचं तोंड ड्रममधल्या पाण्यात बुडू देऊ नका. बुडालं तर मशीन थांबल्यावर घाण पाणी उलटं आत ओढलं जाऊ शकतं. पाइपाच्या तोंडाला जुना नायलॉनचा पायमोजा घट्ट बांधा. दोन-तीन धुण्यांनंतर तो काढून पाहा. आत करड्या रंगाचा, ओल्या नमद्यासारखा लगदा बसलेला दिसेल: टॉवेलचे धागे, केस, खिशात राहिलेल्या कागदाचा चोथा. हाच लगदा पुढे जाऊन तोटी आणि माती दोन्ही बुजवतो. मोजा उलटा करून लगदा कचऱ्यात टाका, मोजा धुवा किंवा बदला. मशीनचा पाइप लांबवरच्या झाडापर्यंत ओढत नेऊ नका, किंवा मशीनपेक्षा फार उंच चढवू नका. आतला छोटा पंप त्यासाठी नसतो आणि लवकर जळतो.

पहिल्या धुण्याचं पाणी साबणानं आणि मळानं भरलेलं असतं. ते संडासासाठी ठेवा किंवा गडरला सोडा. खळबळल्याचं दुसरं-तिसरं पाणी झाडांसाठी चांगलं. संडासात वापरताना हे पाणी फ्लशच्या टाकीत भरू नका. साबणाचा साका टाकीतल्या वायसरवर बसतो, फ्लश गळायला लागतो आणि वाचवलं त्याहून जास्त चांगलं पाणी वाया जातं. बादलीत पाच-सहा लिटर घेऊन कमरेच्या उंचीवरून एका दमात भांड्यात ओता. थोडं थोडं ओतलं तर दुप्पट लागतं.

माती काय म्हणते ते आधी पाहा

आपल्याकडे पूर्वी न्हाणीच्या मागे केळी, अळू आणि कर्दळ असायचीच. त्या झाडांना पाणी भरपूर लागतं, मुळांभोवतीची जिवंत माती साबण आणि मळ पचवते, आणि पाणी साचत नाही. त्या जुन्या व्यवस्थेत आज बदल करायचा तो एवढाच: पाणी उघड्या पन्हळातून वाहू न देता मातीच्या किंवा पाचोळ्याच्या खाली सोडायचं.

त्याआधी एक चाचणी करा. बागेत एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. पाण्यानं भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि आत उभ्या केलेल्या काडीवर खूण करून घड्याळ लावा. पातळी 2.5 सेंटिमीटर उतरायला तासाहून जास्त वेळ लागला तर ती जागा रोजचं सांडपाणी जिरवण्याच्या कामाची नाही. काळ्या चिकण मातीत हे हमखास होतं. कोरडी असताना तिच्या भेगांतून पाणी सरसर खाली जातं, म्हणून पहिल्या भरण्यावर विश्वास ठेवू नका. मुरूम भरलेल्या प्लॉटवर निराळं दिसेल. शेजारच्या घरी चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही.

शोषखड्ड्याबद्दल आता लोक आवर्जून विचारतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास घालवले आणि हा प्रयोग पुढे राज्यभर नांदेड पॅटर्न म्हणून पोचला. काम मोठं आहे. पण ते मोकळ्या अंगणांच्या गावातलं आहे. भारतीय मानकानुसार शोषखड्डा इमारतीपासून किमान 6 मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून किमान 18 मीटर लांब हवा. नंदनवनातल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या प्लॉटवर एवढं अंतर सापडतच नाही, आणि जुन्या वस्त्यांत शेजाऱ्याची विहीर कुंपणापलीकडेच असते. अशा ठिकाणी खोल खड्डा करू नका. पाया ओला राहतो, काळी माती फुगते-आकसते आणि भिंतीला तडे जातात. वर, विहिरीचं पाणी बिघडलं तर ते आधी शेजाऱ्याला भोगावं लागतं.

त्याऐवजी कुंपणाच्या बाजूनं, घराच्या भिंतीपासून जमेल तितका लांब, एक फूट खोल आणि दीड फूट रुंद चर खणा. त्यात नारळाच्या शेंड्या, लाकडाचे तुकडे आणि वाळलेली पानं भरा. पाइप या भरावात सोडा, तोंडाशी मूठ-मूठ आकाराचे दगड रचा आणि वर पाचोळा पसरा. पाणी दिसता कामा नये. चराच्या काठानं केळी, कर्दळ, पपई लावा. भराव सहा-आठ महिन्यांत कुजून खाली बसतो. तो काढून झाडाखाली मातीत पुरा आणि नवा भरा. असे दोन चर केले आणि पाणी आलटून-पालटून सोडलं तर एकाला सुकायला वेळ मिळतो. माझ्या मते छोट्या अंगणासाठी याहून सोपी आणि खात्रीची दुसरी रचना नाही.

खाण्याच्या झाडांबाबत नियम असा की पाणी खाल्ल्या जाणाऱ्या भागाला लागता कामा नये. केळी, पपई, शेवगा, कढीलिंब यांना बुंध्याशी मातीखालून चालतं. सांभार, पालक, मेथी, मुळा, गाजर, कांद्याची पात यांना नको, कारण ती जमिनीलगत किंवा जमिनीत वाढतात आणि बरीचशी कच्ची खाल्ली जातात. आणि नागपुरात राहून अंगणात एखादं संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड असणारच. त्याला हे पाणी अजिबात देऊ नका. लिंबूवर्गीय झाडं सोडियम, क्लोराइड आणि बोरॉन यांना फार नाजूक असतात आणि धुण्याच्या पावडरीत यांतलं काही ना काही असतंच. पानांचे शेंडे आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या, तर पाणी थांबवण्याची वेळ तेव्हाच झालेली असते. कुंडीतल्या झाडांनाही रोज नको. कुंडीत क्षार साचतात आणि त्यांना जायला वाट नसते.

साबण बदलला तर निम्मी काळजी मिटते. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात आणि पाणी अल्कधर्मी होतं. हे सोडियम चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं, छिद्रं बुजतात आणि माती ओली असताना चिखल, सुकल्यावर दगड अशी होते. द्रव डिटर्जंटमध्ये सोडियम सहसा कमी असतं. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि बोरॅक्स असलेली उत्पादनं ज्या दिवशी वापराल त्या दिवशी पाणी गडरला. पावडर मापातच घ्या. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे खरं नाही. वाफ्यावर पांढरी पापडी धरलेली दिसली किंवा पाणी वरच तरंगू लागलं तर काही आठवडे साधं पाणी द्या आणि माती तपासून घ्या. मातीत सोडियम वाढलेलं निघालं तर जिप्सम घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि पुढच्या पाण्याबरोबर सोडियम खाली निघून जातं.

पाइपातून फ्लशपर्यंत न्यायचं असेल तर

मोठं घर आहे, तीन कुटुंबं एकत्र आहेत, बादलीनं ओतणं शक्य नाही, अशांना गाळणी, टाकी आणि पंप बसवावा लागतो. ही गोष्ट जमण्यासारखी आहे हे आपल्याच शहरातल्या नीरी या संस्थेनं दाखवलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांत आदिवासी मुलांच्या आश्रमशाळांमध्ये पाण्याअभावी शौचालयं वापरली जात नव्हती. नीरीनं युनिसेफबरोबर तिथे मुलांच्या अंघोळीचं पाणी निवळून, खडी-वाळूतून गाळून शौचालयांना आणि बागेला दिलं. 2007 मध्ये या अनुभवावर मार्गदर्शक पुस्तिकाही निघाली. तिथलं तंत्र घरच्या घरी समजण्यासारखं आहे: आधी जाळी, मग पाणी संथ होऊन गाळ खाली बसेल असा कप्पा, मग मोठी खडी, बारीक खडी, वाळू असे थर, शेवटी साठवण आणि क्लोरिन.

इथे सगळ्यात मोठा धोका पाण्यातल्या जंतूंपेक्षा प्लंबरच्या एका चुकीच्या जोडाचा असतो. सांडपाण्याचा पाइप आणि नळाचा पाइप कुठेही, व्हॉल्व्ह मध्ये ठेवूनसुद्धा, एकमेकांना जोडू नका. व्हॉल्व्ह गळतो आणि कळत नाही. फ्लशची टाकी कमी पडली की वरून नळाचं पाणी द्यायची सोय हवी असते. तो नळ टाकीच्या काठापेक्षा वर, हवेत मोकळा राहील असा बसवा, पाण्यात बुडणारा नको. सांडपाण्याचे पाइप वेगळ्या रंगाचे घ्या किंवा दर दोन-तीन हातांवर रंगाचा पट्टा ओढा. काम संपल्यावर सांडपाण्याच्या टाकीत खाण्याचा गडद रंग टाका, सगळे फ्लश चालवा आणि मग घरातला प्रत्येक नळ पांढऱ्या वाटीत सोडून पाहा. एकाही नळाला छटा आली तर पाणी बंद करून प्लंबरला परत बोलवा. त्याचे पैसे या चाचणीनंतरच द्या.

याच ठिकाणी टिल्लू पंपाबद्दल बोललं पाहिजे. नळाच्या लाइनला थेट पंप लावला की पाइपात ओढ निर्माण होते आणि शेजारून जाणाऱ्या गळक्या सांडपाण्याच्या पाइपातली ओल आत खेचली जाते. ज्या घरी टिल्लू पंप आहे, तिथे आधी तो काढा.

क्लोरिन फक्त फ्लशच्या पाण्यात घाला, बागेच्या नको, मातीतले उपयोगी जीव मरतात. ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि संडास साफ करायचं ॲसिड यांची गाठ पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद संडासात तो माणसाला गुदमरवतो. साफसफाईच्या दिवशी भांडं साध्या पाण्यानं आधी धुवून घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा.

सांभाळ

मोजा किंवा जाळी दोन दिवसांतून एकदा. ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, बुडाचं बूच काढून, घासून, उन्हात सुकवायचा. महापालिका आणि आरोग्य विभाग डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो दिवस ड्रमलाही लावून घ्या. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं गणित. डेंग्यूचा डास कुलर-कुंड्यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो हे सगळ्यांना माहीत झालं आहे. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो, आणि नागपूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडालाही मच्छरजाळी बांधा, डास तिथूनच आत जातो.

वाळूच्या गाळणीत वरच्या दोन-तीन बोटांचा थर आधी बुजतो. पाणी हळू उतरू लागलं की तेवढाच थर खरवडून काढा, धुवा, सुकवा आणि परत घाला. सगळी वाळू उपसायची गरज क्वचित पडते. निघालेला गाळ बागेच्या कोपऱ्यात फूटभर खोल पुरा, भाजीच्या वाफ्यात नको. हे काम करताना रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा आणि नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. टाकी जमिनीत आणि माणूस उतरेल एवढी मोठी असेल तर तिच्यात कुणालाही, अगदी एका मिनिटासाठीही, उतरू देऊ नका. सडलेल्या सांडपाण्याचा वायू पहिल्या काही श्वासांतच शुद्ध घालवतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. म्हणून घरगुती यंत्रणेत टाकी मोठी करूच नये. झाकणाला कडी हवी, घरात लहान मुलं असतील तर कुलूप.

घरात हे पाणी प्रत्यक्ष हाताळते ती बहुतेक वेळा धुणंभांड्याला येणारी ताई. कोणता व्हॉल्व्ह कशाचा, फिनाइलच्या दिवशी काय करायचं, हे तिला घरच्या माणसाइतकंच नीट समजावून सांगा. हातमोजे तिच्यासाठीही आणा. तिनं वास येतो म्हणून सांगितलं तर त्याच वेळी जाऊन पाहा.

मृगाचा पाऊस लागला की बागेकडचा व्हॉल्व्ह बंद करा. आधीच भिजलेल्या मातीत साबणाचं पाणी जिरत नाही, वर येतं आणि रस्त्यावर वाहतं. पावसाचं स्वच्छ पाणी या काळात वर्षभराचे क्षार धुऊन खाली नेतं, तेव्हा त्याला त्याचं काम करू द्या. मध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप आली तरी पोळा-मारबत होईपर्यंत घाई करू नका. कोजागिरीच्या आसपास जमीन वाळली की चर पुन्हा भरा आणि व्हॉल्व्ह उघडा. पावसाळ्यातही संडासासाठी ड्रम चालू ठेवायला हरकत नाही, त्याच दिवशी संपत असेल तर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना ड्रम रिकामा करून उलटा घाला, पंपाची वायर काढा, बागेकडचा व्हॉल्व्ह बंद करून गडरचा उघडा. परत आल्यावर पहिल्या दिवसाचं पाणी गडरलाच जाऊ द्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बादली आणि ड्रमपलीकडे एकट्यानं काही करू नये, कारण पाइप सगळ्यांचे असतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गृहप्रकल्पांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट घातलेली आहे. नव्या संकुलात घर घेत असाल तर ती यंत्रणा चालू आहे का आणि तिची देखभाल कोण करतं, हे ताबा घेण्याआधी सोसायटीत विचारा. आपण सोडलेलं पाणी वाया जातं असंही नाही. भांडेवाडीत प्रक्रिया झालेलं नागपूरचं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. जे प्रक्रियेशिवाय सुटतं ते नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं, आणि त्या काठच्या गावांना तेच पाणी वापरावं लागतं. त्यामुळे शंका आली तेव्हा गडरकडे वळवणं यात कमीपणा नाही. मात्र मशीनचं पाणी पावसाच्या नालीत किंवा रस्त्याकडेला सोडू नका, ते कुठेच न थांबता थेट नदीत जातं.

आणखी एक काम यंत्रणा बसवली त्याच दिवशी करा. बसवणारा मुलगा पुढे नोकरीला पुण्याला जातो आणि मागे आईवडिलांना कोणता व्हॉल्व्ह कशाचा हेच ठाऊक नसतं, मग वास आला की सगळं बंद पडतं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: हे पाणी पिण्याचं नाही, डावा व्हॉल्व्ह बाग, उजवा गडर, आजारपणात, फिनाइलच्या दिवशी आणि पावसाळ्यात उजवा उघडा, ड्रम धुवायचा वार, प्लंबरचा फोन. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रमच्या वर, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. ड्रम धुतला की खाली तारीख टाकायला जागा ठेवा.